जेलमध्ये लेसरने ग्लायसीनचे स्फटिक कसे वाढवावेत

लेसरच्या झोताने अतिसंपृक्त द्रावणात (म्हणजे एरवी विरघळेल त्याहून जास्त पदार्थ धरून असलेल्या द्रावणात) स्फटिक उगवतात, हे १९९६ साली गॅरेट्झ, मायरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरियाच्या द्रावणात दाखवलं. झोत १०६४ नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. या तरंगलांबीवर रेणू फुटेल किंवा रासायनिक प्रक्रिया सुरू होईल असं काहीच घडत नाही. तरीही ज्या नळीवर झोत पडला तिच्यात स्फटिक आले. नंतर हाच प्रयोग ग्लायसीन आणि हिस्टिडीन या अमिनो आम्लांवर झाला. २००९ मध्ये एडिनबरो विद्यापीठातल्या एका गटाने पोटॅशियम क्लोराइडचं अतिसंपृक्त द्रावण ॲगारोज (समुद्री शेवाळातून मिळणारी शर्करासाखळी) जेलमध्ये धरून ठेवलं आणि स्फटिक आपण ठरवू त्या जागी उगवता येतात, असं दाखवून दिलं.

या दोन्ही गोष्टी एकत्र आणून ग्लायसीनचे स्फटिक जेलमध्ये कसे वाढवायचे, ते इथे पायरीपायरीने लिहितो आहे. हा लेख पदव्युत्तर किंवा संशोधन पातळीवर काम करणाऱ्यांसाठी आहे. यात लागणारा लेसर चौथ्या, म्हणजे सर्वांत धोकादायक वर्गातला, त्यामुळे लेसर सुरक्षेची व्यवस्था असलेल्या प्रयोगशाळेबाहेर हे करू नये.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढची बहुतेक काळजी तिच्यासाठीच आहे. अतिसंपृक्त द्रावणात स्फटिक कशानेही येतो: धुळीच्या कणाने, हवेच्या बुडबुड्याने, टेबलाला लागलेल्या धक्क्याने, झाकणाखाली सुकलेल्या थेंबाने. म्हणून स्फटिक आला एवढ्यावर काहीच सिद्ध होत नाही. तो झोताच्या मार्गात आला, झोत न पडलेल्या जुळ्या नमुन्यांत आला नाही, आणि असं पुन्हा पुन्हा घडलं, तरच श्रेय लेसरला द्यायचं. जेलचा खरा उपयोग इथेच आहे. पातळ द्रावणात बारीक स्फटिक तळाला जातो किंवा प्रवाहाबरोबर भरकटतो, मग तो कुठे जन्मला ते कळायला मार्ग राहत नाही. जेलमध्ये तो जिथे जन्मतो तिथेच राहतो.

ग्लायसीनच का

ग्लायसीन सर्वांत साधं अमिनो आम्ल आहे, स्वस्त आहे, शुद्ध मिळतं आणि पाण्यात भरपूर विरघळतं. शिवाय साध्या दाबाखाली ते तीन रूपांत, म्हणजे रेणूंच्या तीन वेगळ्या मांडणींत, स्फटिकतं: अल्फा, बीटा आणि गॅमा. खोलीच्या तापमानाला गॅमा सर्वांत स्थिर, पण साध्या पाण्यातून बहुधा अल्फाच मिळतं. बीटा सर्वांत अस्थिर, ते अल्कोहोल मिसळल्यावर येतं आणि दमट हवेत दुसऱ्या रूपात बदलून जातं. गॅमा रूपाच्या रचनेत सममितीचं केंद्र नसल्याने ते दाबविद्युत आहे, म्हणजे दाबल्यावर त्यात विद्युतभार निर्माण होतो, त्यामुळे त्याला उपयोगाच्या दृष्टीनेही महत्त्व आहे. कुठलं रूप आलं यावरून बीज, म्हणजे स्फटिकाचा पहिला सूक्ष्म अंकुर, कसं धरलं याचा अंदाज बांधता येतो, म्हणून सुरुवातीला ग्लायसीनइतकं शिकवणारं दुसरं अमिनो आम्ल मला तरी दिसत नाही.

लेसर नेमकं काय करतो

यावर अजून एकमत नाही, आणि प्रयोग आखताना ते ध्यानात ठेवणं हिताचं आहे. सुरुवातीचा विचार असा होता की झोताचं विद्युतक्षेत्र द्रावणातल्या विस्कळीत रेणुसमूहांना एका दिशेने वळवतं आणि त्यामुळे ते सुसंगत रचनेत बसतात. दुसऱ्या मतानुसार पाण्यापेक्षा जास्त ध्रुवणीय असलेले (ज्यांच्यातला विद्युतभार सहज सरकतो असे) रेणुसमूह विद्युतक्षेत्रात ऊर्जेच्या दृष्टीने अधिक स्थिर होतात. तिसरं मत अलीकडे बळावलं आहे: द्रावणातले अतिसूक्ष्म घन कण झोत शोषून क्षणात तापतात, त्यांच्याभोवती वाफेचा बुडबुडा फुगतो, फुटतो, आणि त्या गडबडीत बीज धरतं. द्रावण बारीक गाळणीतून गाळलं की लेसरने येणाऱ्या स्फटिकांचं प्रमाण घटतं, हा या तिसऱ्या मताचा मोठा आधार.

याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. गाळायचं की नाही हा नुसत्या स्वच्छतेचा प्रश्न राहत नाही, तो प्रयोगातला एक बदलता घटक ठरतो. सगळे नमुने गाळा किंवा एकही गाळू नका, पण एकाच गटात मिसळ करू नका. कोणत्या मापाची गाळणी वापरली तेही वहीत लिहा.

जेलची निवड

अमिनो आम्लांसाठी मी ॲगारोजच सुचवीन. स्फटिक वाढवण्याच्या जुन्या परंपरेत सोडियम मेटासिलिकेटचं सिलिका जेल फार वापरलं गेलं आणि विरळ विरघळणाऱ्या क्षारांसाठी ते उत्तम आहे. ग्लायसीनसाठी मात्र ते गोंधळ वाढवतं. सिलिकेट घट्ट करायला आम्ल घालावं लागतं, ग्लायसीन स्वतःच आम्ल-आम्लारी दोन्ही बाजूंनी पीएच धरून ठेवतं, आणि जेलमध्ये सोडियमचे आयन उरतात. ग्लायसीनचा पीएच त्याच्या समविद्युत बिंदूपासून (जिथे रेणूवरचा एकूण विद्युतभार शून्य असतो), म्हणजे सुमारे ६ पासून, फार दूर गेला किंवा सोडियमचे क्षार असले की गॅमा रूपाकडे कल वाढतो. मग गॅमा आलं ते लेसरमुळे की जेलमुळे, हा प्रश्न सुटत नाही. जिलेटिन हे मुळात प्रथिन, म्हणजे अमिनो आम्लांचीच साखळी, तेव्हा तेही टाळावं.

ॲगारोज विद्युतभाररहित आहे आणि फार थोडं घालूनही घट्ट बसतं. नेहमीचं ॲगारोज ३६ अंश सेल्सिअसच्या आसपास बसतं आणि पुन्हा वितळायला ८५ अंशांच्या वर न्यावं लागतं. पाण्याच्या वजनाच्या ०.५ टक्के पुरे. २ टक्क्यांचं जेल धुरकट दिसतं, प्रकाश विखुरतं आणि नमुन्याच्या आत झोताची तीव्रता किती उरली याचा हिशेब बिघडवतं. ०.२ टक्क्यांचं जेल स्वच्छ दिसतं, पण इतकं नाजूक असतं की क्युव्हेट (प्रकाशाच्या प्रयोगांसाठीची छोटी पारदर्शक कुपी) तिरकी करताच काचेपासून सुटतं.

अतिसंपृक्ततेचा हिशेब

१०० ग्रॅम पाण्यात ग्लायसीन २५ अंशांना सुमारे २५ ग्रॅम विरघळतं, ५० अंशांना ३९ ग्रॅम, ७५ अंशांना ५४ ग्रॅम. प्रत्यक्ष विरघळलेलं प्रमाण भागिले त्या तापमानाची विद्राव्यता म्हणजे अतिसंपृक्ततेचं गुणोत्तर. ग्लायसीनवरचे लेसर प्रयोग साधारण १.४ ते १.६ या पट्ट्यात झाले आहेत. १.५ ने सुरुवात करा. म्हणजे १०० ग्रॅम पाण्याला ३७.५ ग्रॅम ग्लायसीन.

ॲगारोजचं बसण्याचं तापमान इथे आपल्या बाजूने काम करतं. ३६ अंशांना ग्लायसीनची विद्राव्यता सुमारे ३१ ग्रॅम असते, म्हणजे जेल बसतं त्या क्षणी गुणोत्तर जेमतेम १.२ असतं. ते १.५ ला पोचतं तेव्हा जेल आधीच घट्ट झालेलं असतं, द्रावणाची ढवळाढवळ थांबलेली असते. त्यामुळे थंड होताना मध्येच स्फटिक पडण्याचा धोका बराच कमी होतो. कमी तापमानाला बसणारं ॲगारोज बाजारात मिळतं आणि ते सोयीचं वाटतं, पण ते वापरलं तर या कामात हा फायदा हातचा जातो.

द्रावण आणि जेल बनवणे

ॲगारोज विरघळायला उकळीच्या जवळ जावं लागतं, आणि ग्लायसीन तितका वेळ तापवत ठेवणं बरं नाही. म्हणून दोन साठे, म्हणजे दोन मूळ द्रावणं, वेगळे करा.

पहिल्या साठ्यात ७५ ग्रॅम शुद्ध पाण्यात ३७.५ ग्रॅम ग्लायसीन घ्या. हे १०० ग्रॅमला ५० ग्रॅम इतकं गाढ आहे, तेव्हा ते ८० अंशांवर पूर्ण विरघळेल, ७० अंशांखाली मात्र जाऊ देऊ नका. दुसऱ्या साठ्यात २५ ग्रॅम पाण्यात ०.५ ग्रॅम ॲगारोज थंड पाण्यावर भुरभुरवा, दहा मिनिटं फुगू द्या, मग उकळीपर्यंत न्या. उजेडासमोर धरून पाहा: काचेसारखे पारदर्शक तुकडे तरंगताना दिसले तर ॲगारोज अजून विरघळलेलं नाही. असे तुकडे पुढे जेलमध्ये गाठी होतात आणि झोत विखुरतात.

उकळताना पाणी उडतं, आणि इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. १०० ग्रॅममधलं ५ ग्रॅम पाणी गेलं की १.५ चं गुणोत्तर जवळपास १.५८ होतं. प्रत्येक भांडं झाकणासकट आधी वजन करून ठेवा, तापवून झाल्यावर पुन्हा वजन करा आणि उडालेलं पाणी गरम पाण्यानेच भरून काढा.

गाळायचं ठरवलं असेल तर ग्लायसीनचा साठा गरम असतानाच ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळा. गाळणी आणि सिरिंज दोन्ही आधी ओव्हनमध्ये तापवून घ्या. थंड गाळणीत ग्लायसीन तिथल्या तिथे गोठतं आणि गाळणी तुंबते. ॲगारोजचं गरम द्रावण इतक्या बारीक गाळणीतून जात नाही, त्यामुळे ॲगारोजमधले कण राहणारच हे गृहीत धरा. सगळ्या नमुन्यांसाठी एकाच डब्यातलं ॲगारोज वापरण्याचं कारणही हेच.

दोन्ही साठे ८० अंशांना एकत्र करा. ढवळा, पण फेस होऊ देऊ नका. मिश्रण झाकून दहा-पंधरा मिनिटं त्याच तापमानाला स्थिर ठेवलं की बारीक बुडबुडे वर येऊन निघून जातात. मिश्रण पिवळट दिसायला लागलं तर ते फार वेळ तापलं आहे, टाकून द्या.

भरण्यासाठी गोल कुप्यांपेक्षा चौकोनी, झाकणाच्या, १ सेंटीमीटर जाडीच्या काचेच्या क्युव्हेट घ्या. गोल कुपी स्वतःच भिंगाचं काम करते. आत जाताना झोत सारखा असला तरी मागच्या भिंतीपाशी तो एका बाजूने आकसलेला असतो आणि तिथे तीव्रता वाढते. मग स्फटिक मागच्या भिंतीला चिकटून येतात आणि त्याचा अर्थ लावता येत नाही. क्युव्हेटही ७० अंशांपर्यंत तापवून घ्या, काचेच्या भिंतीवरून वर ओघळ न येता भरा, झाकण लगेच घट्ट लावा आणि वरून पॅराफिल्म गुंडाळा. वरच्या भिंतीवर सुकलेला एक थेंब अख्खा नमुना वाया घालवू शकतो. त्या थेंबातला स्फटिक जेलच्या पृष्ठभागाला टेकला की तिथून वाढ सुरू होते.

किमान ४० क्युव्हेट एकाच मिश्रणातून भरा: निम्म्या लेसरसाठी, निम्म्या तुलनेसाठी.

बसू देणे आणि निवडणे

भरलेल्या क्युव्हेट एकदम थंड पाण्यात घालू नका. ७० अंशांच्या पाण्यात ठेवून ते पाणी सावकाश निवू द्या, मग २५ अंशांच्या स्थिर तापमानाच्या टाकीत एक रात्र ठेवा. टाकीचं तापमान ०.१ अंशाच्या आत राहिलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक नमुना दोन आडव्या-उभ्या ध्रुवण पट्ट्यांमध्ये धरून बघा. ग्लायसीनचे स्फटिक अंधाऱ्या पार्श्वभूमीवर लख्ख चमकतात, डोळ्यांनी एरवी दिसणार नाहीत इतके बारीकही. जेलवर ताण असेल तर तिथे धूसर, पसरट उजेड दिसतो. तो स्फटिकाच्या टोकदार चमकेपेक्षा वेगळा ओळखता येतो. स्फटिक, बुडबुडा, गाठ किंवा काचेपासून सुटलेलं जेल असलेले नमुने बाजूला काढा. उरलेल्यांतून लेसरचे आणि तुलनेचे नमुने चिठ्ठ्या टाकून निवडा. स्वतः बघून निवडले तर चांगले दिसणारे नमुने नकळत लेसरकडे जातात.

लेसरची मांडणी

क्यू-स्विच केलेला (साठलेली ऊर्जा एका क्षणात सोडणारा) एनडी-याग, म्हणजे निओडिमियम मिसळलेल्या याग स्फटिकाचा लेसर, ५ ते १० नॅनोसेकंदांचे पल्स, हा या कामातला नेहमीचा. झोत भिंगाने केंद्रित करायचा नाही, हे नीट ध्यानात घ्या. केंद्रित केला की पाण्यात ठिणगी पडते, बुडबुडा उठतो, जेल फाटतं. त्यानेही स्फटिक येतात, पण तो वेगळा प्रयोग झाला.

तीव्रतेचा हिशेब एकदा हाताने करून पाहा. पल्समध्ये २०० मिलिज्यूल ऊर्जा आणि कालावधी ७ नॅनोसेकंद, तर शक्ती सुमारे २८.६ मेगावॅट. झोताचा व्यास ३ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ ०.०७१ चौरस सेंटीमीटर. तीव्रता येते ०.४ गिगावॅट प्रति चौरस सेंटीमीटर. ग्लायसीनचे प्रयोग याच पल्ल्यात होतात. काचेच्या बाहेरच्या पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो, तोही वजा करा.

ऊर्जा कमी-जास्त करायला फ्लॅशलँपचा व्होल्टेज बदलू नका. त्याने झोताचा आकार आणि पल्सचा कालावधी दोन्ही बदलतात. अर्धतरंग वेव्हप्लेट (ध्रुवीकरणाची, म्हणजे झोताच्या विद्युतक्षेत्राची दिशा फिरवणारी चकती) आणि त्यापुढे ध्रुवणकारक ठेवा आणि वेव्हप्लेट फिरवून ऊर्जा ठरवा. रेषीय ध्रुवीकरणाचं (विद्युतक्षेत्र एकाच रेषेत डोलतं) वर्तुळाकार (ते गोल फिरत राहतं) करायचं असेल तर पावतरंग वेव्हप्लेट सगळ्या आरशांनंतर, नमुन्याच्या अगदी आधी लावा. मध्ये आरसा आला तर वर्तुळाचं लंबवर्तुळ होतं. ऊर्जामापकाने प्रत्येक सत्राच्या आधी आणि नंतर मोजणी घ्या. झोताचा ठसा जळण्याच्या कागदावर घेऊन बघा. एखादा भाग जास्त जळला असेल तर सरासरी तीव्रतेचा आकडा फसवा आहे.

सुरक्षेबद्दल थोडक्यात, पण त्यात सूट नाही. १०६४ नॅनोमीटरचा झोत दिसत नाही आणि डोळा तो थेट दृष्टिपटलावर केंद्रित करतो. २०० मिलिज्यूलच्या पल्ससाठी १०६४ नॅनोमीटरवर किमान ६ ओडीचा (ओडी म्हणजे प्रकाश अडवण्याचं माप, ६ म्हणजे दहा लाखांत एक भागच आत येतो), पल्स लेसरसाठी प्रमाणित चष्मा लागतो. नेमका आकडा तुमच्या लेसर सुरक्षा अधिकाऱ्याकडून ठरवून घ्या. क्युव्हेटच्या सपाट काचेवरून परतणारा झोत कुठे जातो ते कमीत कमी ऊर्जेवर, अवरक्त कार्डाने तपासा आणि तिथे अडथळा ठेवा. क्युव्हेट किंचित तिरकी ठेवली की परतलेला झोत पुन्हा लेसरमध्ये शिरत नाही. नमुन्यामागे झोत गिळणारा डंप हवाच.

पल्स किती आणि किती वेगाने

पातळ द्रावणांवरच्या प्रयोगांत सेकंदाला १० पल्स असा झोत सोडण्याची पद्धत आहे. जेलमध्ये ती तशीच उचलू नका. कारण आहे उष्णता.

१०६४ नॅनोमीटरला पाणी दर सेंटीमीटरला १३ टक्क्यांच्या आसपास प्रकाश शोषतं. २०० मिलिज्यूलचे १० पल्स म्हणजे २ वॅट, त्यातले पाव वॅटभर नमुन्यात राहतात. पातळ द्रावणात ही उष्णता संवहनाने पसरते. जेलमध्ये संवहन बंद असतं, उष्णता फक्त वहनाने, कासवाच्या गतीने बाहेर जाते. ढोबळ हिशेब केला तर मिनिटभरात झोताच्या मध्यावर तापमान दहा अंशांच्या आसपास चढतं. ३५ अंशांना ग्लायसीनची विद्राव्यता ३०-३१ ग्रॅम. म्हणजे ज्या जागी बीज धरावं अशी अपेक्षा आहे नेमकी तिथेच १.५ चं गुणोत्तर १.२ वर उतरतं.

एकट्या पल्सने मात्र झोताच्या मार्गातलं तापमान अंशाच्या दहाव्या भागाइतकंच वाढतं. म्हणून जेलमध्ये सुटे पल्स द्या: एक पल्स, मग दहा सेकंद थांबा, मग पुढचा. सुरुवातीला दहा पल्स पुरेत. लेसरमध्ये ५३२ नॅनोमीटरची सोय असेल तर ती जास्त चांगली, कारण हिरवा प्रकाश पाणी जवळजवळ शोषतच नाही. मग पाणी तापण्याची अडचण राहत नाही आणि झोत नीट जुळवताही येतो. चष्मा मात्र त्या तरंगलांबीचा वेगळा लागतो. जड पाणी वापरूनही १०६४ ची उष्णता खूप कमी होते, पण जड पाण्यात ग्लायसीनची विद्राव्यता वेगळी असते, ती नव्याने मोजावी लागेल.

झोत जेलच्या मध्यातून जाऊ द्या, वरच्या पृष्ठभागापासून किमान १ सेंटीमीटर खाली. जेल आणि हवेच्या सीमेवर पडलेला झोत जवळपास नेहमी स्फटिक आणतो, आणि त्यातून काहीच शिकायला मिळत नाही.

तुलनेच्या प्रत्येक नमुन्याला तीच सगळी वागणूक द्या: टाकीतून काढणं, पुसणं, मांडणीत बसवणं, तितकाच वेळ तिथे ठेवणं, परत टाकीत नेणं. फक्त शटर बंद. नुसत्या हाताळणीने, धक्क्याने किंवा तापमानाच्या झुळकीने येणारे स्फटिक यामुळे वेगळे ओळखता येतात.

पाहणे आणि मोजणे

पल्सनंतर नमुना टाकीत परत ठेवा आणि १०, ३० व ६० मिनिटांनी, मग २४ तासांनी ध्रुवण पट्ट्यांमध्ये पाहा. प्रत्येक वेळी फोटो घ्या आणि क्युव्हेटच्या कडेला मिलिमीटरची पट्टी चिकटवलेली असू द्या. स्फटिक आला का, हे विचारण्याबरोबरच झोताच्या रेषेपासून तो किती लांब आला हेही नोंदवा. चांगल्या नमुन्यात झोताच्या मार्गावर एक-दोन चमकणारे ठिपके दिसतात आणि तासाभरात त्यांना कडा फुटू लागतात. सगळ्या जेलमध्ये एकाच वेळी पुंजके दिसले, तर अतिसंपृक्तता जास्त झाली आहे किंवा कुठेतरी पाणी उडालं आहे.

आकड्यांचा अर्थ लावताना घाई नको. तुलनेच्या २० नमुन्यांत एकही स्फटिक आला नाही तरी आपोआप येण्याचं खरं प्रमाण १४ टक्क्यांपर्यंत असू शकतं, असंच ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. लेसरच्या २० पैकी १२ नमुन्यांत स्फटिक आले तर खरं प्रमाण ३६ ते ८१ टक्क्यांच्या मध्ये कुठेही असेल. हे दोन पट्टे एकमेकांपासून लांब आहेत, म्हणून लेसरचा परिणाम आहे असं म्हणता येतं. पण एका गटात २० पैकी १२ आणि दुसऱ्यात १४ स्फटिक आले, यांची तुलना करून रेषीय ध्रुवीकरणापेक्षा वर्तुळाकार चांगलं, असा निष्कर्ष २० नमुन्यांवर काढता येत नाही.

मोठा स्फटिक हवा असेल तर

१.५ गुणोत्तरावर ग्लायसीन झपाट्याने वाढतं. जेलमध्ये रेणू फक्त विसरणाने, म्हणजे दाट भागाकडून विरळ भागाकडे सावकाश पसरत, पोचतात, त्यामुळे कोपऱ्यांना जास्त खाद्य मिळतं आणि पृष्ठभागांच्या मध्याला कमी. परिणामी पोकळ, फांद्यांसारखे किंवा जेल पोटात घेऊन बसलेले स्फटिक मिळतात. बीज धरलेलं दिसताच टाकीचं तापमान ३२-३३ अंशांवर न्या. गुणोत्तर १.३ च्या खाली येतं, नवीन बीजं धरायची शक्यता घटते आणि आहे तो स्फटिक शांतपणे वाढतो. मग रोज अर्धा ते एक अंश असं तापमान खाली आणा.

एकाच क्युव्हेटमध्ये दोन स्फटिक शेजारी आले तर दोन्ही एकमेकांचं खाद्य पळवतात. अशा वेळी मी वाढ थांबवून तो नमुना रूप ओळखण्यासाठी वापरतो.

बाहेर काढणे आणि रूप ओळखणे

जेल वितळवून स्फटिक काढता येत नाही. ॲगारोज वितळेपर्यंत ग्लायसीन केव्हाच विरघळून जाईल. क्युव्हेटमधून जेलचा ठोकळा पातळ स्पॅट्युलाने सोडवा, धारदार पात्याने स्फटिकाभोवतीचं जेल कापा आणि उरलेलं जेल ग्लायसीनच्या संपृक्त द्रावणात मऊ ब्रशने काढा. मग गाळणकागदाने टिपून घ्या.

ओला स्फटिक इथेनॉलने धुवायचा मोह होतो, पण रूप ओळखायचं असेल तर तो टाळा. स्फटिकावर चिकटलेल्या द्रावणातून इथेनॉल ग्लायसीन एकदम खाली पाडतं, आणि असं पडलेलं ग्लायसीन बहुधा बीटा रूपाचं असतं. मग एक्स-रे आलेखात जे बीटा दिसतं ते तुमच्या प्रयोगातून आलेलं नसतं.

शक्य असेल तर स्फटिक जेलमध्ये असतानाच रामन सूक्ष्मदर्शकाखाली (विखुरलेल्या लेसर प्रकाशावरून पदार्थाची रचना ओळखणारा सूक्ष्मदर्शक) पाहा. बाहेर काढल्यावर एक्स-रे विवर्तनात, तांब्याच्या के-अल्फा किरणांनी, २५.३ अंशांच्या जवळची ठळक शिखा गॅमाची, २९.९ अंशांजवळची अल्फाची, आणि १८ अंशांजवळची बीटाची खूण आहे. अवरक्त वर्णपटात अल्फा ९१० च्या आसपास आणि गॅमा ९३० च्या आसपास, सेंटीमीटरच्या व्युत्क्रम एककात, पट्टा दाखवतं.

तुलनेसाठी लेसरविना आलेले स्फटिकही तपासावे लागतात, नाहीतर जेलमुळे रूप बदललं की लेसरमुळे, हे कळणार नाही. तुलनेच्या नमुन्यांतले काही शेवटी ५ अंशांवर थंड करा. त्यांत आपोआप स्फटिक येतात. त्यांची रूपंही नोंदवा. थंड केल्यावर अतिसंपृक्तता वाढलेली असते, त्यामुळे ही तुलना अचूक नाही, पण नसण्यापेक्षा फार बरी.

रूपाबद्दल एक सावधगिरी. ग्लायसीनमध्ये रेषीय ध्रुवीकरणाने गॅमा आणि वर्तुळाकाराने अल्फा मिळतं, असा निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो अजून फार उद्धृत होतो. नंतरच्या काही कामांत ध्रुवीकरणाचा असा परिणाम सापडला नाही. अतिसंपृक्तता वाढवली की गॅमाचं प्रमाण वाढतं, आणि तसं नुसत्या यांत्रिक धक्क्यानेही होतं, असं दिसलं. म्हणून ध्रुवीकरणाची तुलना करताना अतिसंपृक्तता दुसऱ्या दशांशापर्यंत सारखी ठेवा, आणि जमलं तर एक गट नुसत्या धक्क्याचा घ्या.

पुढे काय बदलून पाहावं

ग्लायसीनवर पद्धत बसली की एल-ॲलनिन घ्या. नेहमीच्या परिस्थितीत त्याचं एकच रूप मिळतं, त्यामुळे रूपांचा गुंता मागे पडतो आणि स्फटिक कुठे आला, किती वाढला याकडे पूर्ण लक्ष देता येतं. हिशेब मात्र नव्याने करावा लागतो. १०० ग्रॅम पाण्यात ते २५ अंशांना सुमारे १६.६ ग्रॅम विरघळतं आणि ५० अंशांना २२ ग्रॅमच्या आत. तापमानाबरोबर विद्राव्यता ग्लायसीनइतकी वाढत नाही, म्हणून १.५ गुणोत्तराचं मिश्रण जेल बसतानाच १.३ च्या वर असतं आणि दोन साठ्यांच्या पद्धतीत ॲलनिनचा साठा ९० अंशांजवळ ठेवावा लागतो. १.४ ने सुरुवात केली तर साठा ८५ अंशांवर पुरतो.

एल-ग्लुटामिक आम्ल २५ अंशांना लिटरभर पाण्यात साडेआठ ग्रॅमच्या आसपासच विरघळतं. जेलमध्ये त्याच्या वाढीला पुरवठाच तुटपुंजा, तेव्हा बीज धरलं तरी ते दिसण्याजोगं व्हायला फार वेळ लागतो. त्यासाठी दिवसातून एकदा फोटो घेणारा कॅमेरा टाकीवर कायम बसवा आणि क्युव्हेटला हात लावू नका.